घराखालची हवा

न्यू जर्सीत वेस्ट विंडसरच्या त्या घरात मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालक काकांनी मला "बसा" म्हणायच्या आधी माझ्या सूटकेसची चेन उघडली. हॉलच्या मधोमध तिनं आ वासला. आईनं बांधून दिलेले लाल तिखटाचे पुडे, सलवार-कमीज आणि परक्या पुरुषाला दाखवायचं नसतं तेही सगळं उघड्यावर आलं. मी "अहो, अहो" करत धावले.

"विमानात कोंडून आलीय बिचारी," काका म्हणाले. "हवा खेळू द्या हो तिला."

बिचारी म्हणजे मी नव्हे, सूटकेस. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, मुलीच्या सामानाला हात लावू नका. मागची भाडेकरू अशीच पळाली!"

मी काही पळाले नाही. मी नागपूरची, त्यातून सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते आणि त्याचाच पगार घेते. या घरात तर मला घरबसल्या काम मिळणार होतं.

काका मूळचे चिपळूणचे. लहानपणी पावसाळ्यात त्यांच्याकडे चामड्याच्या चपलांना बुरशी यायची, शालूला यायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी एकदा भूगोलाच्या पुस्तकाला आली. त्या धसक्यातून त्यांचा एकच सिद्धान्त तयार झाला. जे काही असेल ते उघडं ठेवा. कपाटं उघडी, ड्रॉवर उघडे, छत्र्या उघड्या, बूट पालथे. डब्यांची झाकणं तिरकी. त्यामुळे काकूंच्या चकल्या दुसऱ्या दिवशी वाकायच्या, पण मोडायच्या नाहीत. राऊट वन हायवेवर गाडीच्या चारही काचा खाली असायच्या आणि काकू शेजारी डोक्याला घट्ट रुमाल बांधून, डोळे मिटून बसायच्या. एकदा कुणाकडे सत्यनारायणाला गेले आणि ऐन जानेवारीत मागचं दार सताड उघडून आले. समई विझली, गुरुजी शिंकले आणि यजमानांच्या सासूबाई महिनाभर खोकत होत्या. काकांना त्याचं काही नाही. "माणसं बघा किती होती," म्हणाले. "त्यांचे श्वास जाणार कुठं?"

आणि गंमत ऐका. या माणसानं अख्खी नोकरी औषधाच्या कंपनीत काढली ती गोळ्यांना दमट हवा लागू नये म्हणून! तेच त्यांचं खातं. तिथं कुणी बाटलीचं झाकण क्षणभर उघडं ठेवलं तर म्हणे काका त्याला घाम फोडायचे. निवृत्त झाल्यावरही बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या, ओल शोषणाऱ्या, ज्यांच्यावर "खाऊ नका" असं छापलेलं असतं, त्या ते जपून ठेवायचे. पासपोर्टच्या पाकिटात पुडी, मिठाच्या बरणीत पुडी, देवघरात कापराच्या डबीत पुडी. माझ्या वाढदिवसाला त्यांनी मला मूठभर पुड्या दिल्या, रिबन बांधून.

"काका, एकीकडे डबा उघडा ठेवता आणि दुसरीकडे त्यात पुडी टाकता. तुमचं नक्की म्हणणं काय आहे?" मी विचारलं.

"नागपूर," ते म्हणाले. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "नागपूर, ते ऑफिस होतं. हे घर आहे."

घर म्हणे! कपाळ!

आता त्या घराविषयी सांगायला हवं, कारण सगळी भानगड घराच्या पोटात होती. पोटात म्हणजे अक्षरशः खाली. त्या घराला बेसमेंट नव्हतं. जमीन आणि हॉल यांच्या मधे कमरेइतकी पोकळी होती, तिला इथं क्रॉल स्पेस म्हणतात. खाली उघडी माती, वर लाकडी तुळया आणि चारी भिंतींना बाहेर उघडणाऱ्या जाळीच्या झडपा, म्हणजे व्हेंट्स. माणसानं आत जायचं तर रांगत. आणि वर, हॉलमध्ये, काकूंचा लाडका हार्डवुड फ्लोअर. वर्षानुवर्षं कार्पेटवरची हळद आणि आमटी घासून त्या कंटाळल्या, म्हणून हट्टानं घातलेला. ओकच्या लाकडाच्या मधाच्या रंगाच्या पट्ट्या.

जूनमध्ये काका त्या झडपा उघडायचे. घराच्या पोटातही हवा खेळायला नको का? आणि न्यू जर्सीतली जुलैची हवा काय असते, ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. ओला टॉवेल तोंडावर टाकल्यासारखी. ती हवा झडपांमधून आत शिरायची. वर हॉलमध्ये एसी चालू, त्यामुळे फ्लोअर खालून गार. मग ताकाच्या गार तांब्याला बाहेरून घाम येतो तसा त्या लाकडाला खालून घाम यायचा. पट्ट्या खालच्या अंगानं फुगायच्या आणि वर त्यांच्या कडा उचलायच्या. ऑगस्टमध्ये त्या हॉलमधून अनवाणी चाललं की पायाला पन्हळी पत्र्यावरून चालल्यासारखं वाटायचं. मी नागपूरची, आमचा कूलर खिडकी उघडी असल्याशिवाय चालत नाही. त्यामुळे पहिल्यांदा मलाही काकांचंच बरोबर वाटलं होतं. चूक काय आहे ते मला समजावलं रेवानं.

रेवा म्हणजे काका-काकूंची एकुलती एक मुलगी. इथंच जन्मलेली, इथंच वाढलेली. काकांनी तिला मोठ्या हौसेनं फार्मसीला घातलं आणि तिनं तिसऱ्या वर्षी ते सोडून दिलं. आता ती होम इन्स्पेक्टर आहे. लोक घर घ्यायच्या आधी तिला बोलावतात. ती छपरावर चढते, घराखाली रांगत जाते आणि काय सडलंय, काय गळतंय ते सांगते. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "रेवा काय करते?" विचारलं की काका म्हणायचे, "रिअल इस्टेटमध्ये आहे," आणि जवळची खिडकी उघडायला जायचे.

फ्लोअरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कडा उचलल्या, तेव्हा रेवा म्हणाली होती, "बाबा, व्हेंट्स बंद कर, खाली मातीवर प्लास्टिक टाक आणि लाकूड वाळेपर्यंत थांब. आत्ता घासू नकोस." पण गौरी-गणपती तोंडावर आले होते. काकांनी माणूस बोलावून उचललेल्या कडा घासून सपाट करून घेतल्या. गणपतीत फ्लोअर आरशासारखा. मग हिवाळ्यात हीटर लागला, लाकूड वाळलं, पट्ट्या आपल्या जागी बसल्या आणि घासलेल्या कडा खाली गेल्या. प्रत्येक पट्टी मधे फुगीर! लाडूंची परातच जणू.

रेवा हसली. हसायचंच होतं ते. पण चार पाहुण्यांसमोर हसली आणि काका भडकले. म्हणाले, "लोकांच्या घराखाली सरपटणारीनं मला शिकवू नये."

हे मला काकूंनी सांगितलं, भाजी निवडता निवडता, मान वर न करता. "तेव्हापासून ती इथं जेवली नाही गं," म्हणाल्या.

येत मात्र होती. वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये. काका स्वतः फोन करायचे. आवाज एकदम ऑफिसातला. "फ्लोअर परत उचललाय. तुला वेळ असेल तर बघून जा." मग रेवा यायची. पायात जाड बूट, कपाळावर टॉर्च. हॉलमध्ये गुडघ्यांवर बसायची, ओलावा मोजायचं छोटं मीटर लाकडाला लावायची, आकडा म्हणायची. खाली रांगत जाऊन यायची. "व्हेंट्स उघडे आहेत." "हवा खेळती पाहिजे." "प्लास्टिक टाक." "बघू." की झालं. काकू थालीपीठ घेऊन उभ्या. आणि ती म्हणायची, "नो थँक्स, आई. क्लायंटच्या घरी मी खात नाही."

क्लायंट! माझ्यासमोर म्हणाली ती हे. काकूंनी थालीपीठ परत तव्यावर टाकलं आणि ते करपेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. मला इतका राग आला की मी तणतणत बाहेर गेले आणि घराला फेरी मारून सगळ्या झडपा बंद करून आले. माझ्या बापाचं घर नव्हतं, पण आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या उघड्या होत्या. काका तुळशीला पाणी घालत होते. म्हणाले, "नागपूर, आपण तुमच्या कोडमध्ये हात घालतो का?"

"तुम्हाला मुलीपेक्षा हवा जास्त प्यारी आहे," मी म्हटलं. तोंडावरच म्हटलं. ते तुळशीच्या कुंडीतून पाणी वाहून जाईपर्यंत घालत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या खोलीतलं इंटरनेट सारखं तुटायला लागलं. वायर घराखालून आली होती. कंपनीच्या माणसाला बोलवायचं तर आठवडा जाणार, म्हणून काका म्हणाले, "मी बघतो, तुम्ही बॅटरी धरा." मग काय, पासष्टी ओलांडलेला तो माणूस जुना पायजमा घालून आत शिरला आणि त्यांच्या मागे मी, ओढणी कमरेला खोचून, आईला फोटो पाठवता येणार नाही अशा अवस्थेत. खाली कुबट वास. तुळयांवर पाण्याचे थेंब. वर काकूंच्या पावलांचा आवाज.

वायर सापडली. पण बॅटरीच्या उजेडात मला कोपऱ्यात दुसरंच काही दिसलं. जाड पांढऱ्या प्लास्टिकची मोठी गुंडाळी. चिकटपट्टीची रिळं. झडपांवर बसवायची झाकणं, मापानं कापलेली. हवेतली ओल ओढून घेणारं मशीन, अजून खोक्यात. रेवा दरवर्षी जे जे आण म्हणायची ते सगळंच्या सगळं, नीट रचून, त्यावर ताडपत्री घातलेली. ताडपत्रीवर कोळ्यांची जाळी.

"काका, हे काय?"

"सामान."

"ते दिसतंय. मग लावत का नाही?"

ते पालथे पडून वायरशी खेळत होते. मला वाटलं, आता हवेवर प्रवचन येणार.

"लावलं की फ्लोअर सरळ होणार," ते म्हणाले. "मला काय कळत नाही का हो? जन्मभर तेच केलं. गार लाकडावर दमट हवा, शाळेतलं पोरही सांगेल."

"मग?"

"मग तिला कशासाठी बोलवायचं?"

मी बॅटरीचा उजेड परत त्या सामानावर टाकला.  इतका हुशार, इतका शिकलेला माणूस, मुलगी दारात यावी म्हणून स्वतःचं घर खालून कुजवत होता. 

"सॉरी म्हणा ना तिला," मी शेवटी म्हटलं. "एवढा खटाटोप करण्यापेक्षा सोपं आहे."

"तुम्हाला सोपं," काका म्हणाले. "चला, वायर झाली. हिला सांगू नका." हिला म्हणजे काकूंना. त्या अगदी आमच्या डोक्यावर उभ्या होत्या, पोळ्या लाटत.

त्याच ऑगस्टमध्ये काकू पडल्या. श्रावणी शुक्रवार होता. हातात पुरणाचं पातेलं घेऊन हॉलमधून येत होत्या, उचललेल्या पट्टीच्या कडेला अंगठा अडकला. पातेलं सोडायचं सोडून त्यांनी ते वर धरलं. पुरण वाचलं, मनगट मोडलं.

हॉस्पिटलात काका माझ्या शेजारी बसले होते. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत. त्यांनी उघडून बघायचा प्रयत्नही केला नाही, त्यावरून मी ओळखलं की माणूस पार खचलाय. एरवी मी गप्प बसले असते. पण नाही, एरवीही नसते बसले.

"बास झालं आता, काका. रेवाला फोन करा. आणि फ्लोअर हा शब्द तोंडातून काढलात तर बघा."

त्यांनी फोन लावला.  मग म्हणाले, "आई पडली गं. माझ्यामुळे पडली. ये." एवढंच. ऑफिसातला आवाज नव्हता तो. चिपळूणच्या पोराचा असावा.

रेवा आली, आईपाशी राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळावर टॉर्च बांधून, क्रॉल स्पेसच्या दाराकडे बोट दाखवत बापाला म्हणाली, "चल. आज करायचंच."

दोघं खाली गेले. आम्ही दोघी वर, हॉलमध्ये. काकूंचा हात गळ्यात बांधलेला. फ्लोअरमधल्या एसीच्या जाळीतून खालचं सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, ओव्हरलॅप! एकावर एक आला पाहिजे!"

"आलाय."

"नाही आलाय! लूक! आणि भिंतीवर पण चढव ना!"

"अगं, माझी पाठ..."

"भांडतायत ना?" काकूंनी विचारलं. त्यांचा चेहरा असा खुलला होता की प्लास्टरही विसरल्या असाव्यात. "भांडू देत."

मग रेवाचा आवाज आला, वेगळाच. "बाबा. धिस बॉक्स... हे तू कधी आणलंस? यावर किती धूळ आहे."

 मग काहीतरी सरकवल्याचा आवाज. आणि मग काका. "ते मी तुला तेव्हा जे बोललो ना. सरपटणारी वगैरे..."

"मिक्सर लाव," काकू मला म्हणाल्या.

"काय?"

"अगं, लाव ना! चटणी करायचीय मला."

मी रिकामाच मिक्सर लावला. तो घरघरत राहिला, काकू डाव्या हातानं डोळे पुसत बसल्या आणि खाली काय बोलणं झालं ते आम्हा दोघींनाही आजपर्यंत माहीत नाही. दोघं मातीनं माखून वर आले, तेव्हा रेवा सिंकवर हात धूत म्हणाली, "आई, कालचं पुरण आहे?"

झडपा बंद झाल्या. मशीन खाली अखंड घुमू लागलं. लाकडाला वाळायला वेळ लागतो, त्यामुळे रेवानं पॉलिशवाल्याचा नंबर काकांच्या फोनमधून उडवला आणि पुढच्या वसंतापर्यंत फ्लोअरला हात लावायचा नाही असा दम दिला. दिवाळीपर्यंत पट्ट्या बऱ्याच खाली बसल्या. काका मात्र पालटले ते पार दुसऱ्या टोकाला. आता ते लोकांकडे जाऊन खिडक्या बंद करतात. "बाहेरची हवा म्हणजे विष आहे हो!" संक्रांतीला एकांच्या घरी सगळी दारं बंद करून लोकांना बसवलं, आत तीस माणसं आणि उकळता चहा. डबेही घट्ट बंद झाले. काकूंच्या चकल्या आता मोडतात. आणि मंडळात कुणी विचारलं की काका सांगतात, "रेवा ना? घरांची डॉक्टर आहे ती. खाली जाऊन तपासते."

रेवा दर रविवारी येते. आल्या आल्या गुडघ्यांवर बसून मीटर लाकडाला लावते, आकडा म्हणते, काका गंभीरपणे मान हलवतात आणि मग सगळे जेवायला बसतात. बांगड्याचं कालवण असलं तर ती दोनदा भात घेते.

मी यथावकाश जवळच एक घर बघितलं आणि तपासायला अर्थात रेवालाच बोलावलं. माझ्याही घराला क्रॉल स्पेस आहे, देवाची कृपा. ती खाली जाऊन आली आणि म्हणाली, "छान सील केलंय. वर्षातून एकदा बघितलं तरी पुरे."

"वर्षातून एकदा? काकांकडे तर तू दर रविवारी बघतेस."

"ते घर वेगळं आहे," ती म्हणाली आणि गुडघ्यांवरची माती झटकत बसली.

पुढच्याच रविवारी मी काकूंकडे गेले होते. रेवा यायची होती. टीव्हीच्या टेबलावर तिचं मीटर दिसलं, आकडा म्हणायचं ते, तिथंच ठेवून जाते. माझ्या घरी खिडकीखाली ओल असल्याची मला जरा शंका होती. "काकू, हे दोन दिवस नेऊ का?"

"ने की. पण त्यात सेल नाहीत गं."

"संपले?"

"संपले नाहीत, काढलेत. दिवाळीपासून."

"दिवाळीपासून? मग ती दर रविवारी आकडा कुठला सांगते?"

काकूंनी खांदे उडवले. "मनातला."

मी आवाज खाली आणला. "आणि काकांना माहीत आहे?"

"त्यांनीच तर काढले. रिमोटला घातले."

एवढ्यात रेवा आली. बूट दारात काढले, पर्स सोफ्यावर टाकली, मीटर उचललं आणि हॉलच्या मधोमध गुडघ्यांवर बसली. काका चष्मा पुसत तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"नऊ," रेवा म्हणाली.

"मागच्या वेळी साडेआठ होता," काका म्हणाले. "लक्ष ठेवायला पाहिजे. पुढच्या रविवारी परत बघ."